अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय कसं संपलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या ग्रंथालयांबद्दल बोलणं सुरू झालं की अलेक्झांड्रियाचं नाव निघतंच, आणि पाठोपाठ तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदा नीट, एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं. लोकांना या ग्रंथालयाच्या आगीबद्दल ऐकायचं असतं. मला त्याच्या लांबलेल्या दुखण्याबद्दल जास्त सांगायचं आहे.

ग्रंथालय नक्की कोणी जाळलं?

असा एक कोणी नाही. चार नावं कायम पुढे केली जातात: ज्युलियस सीझर (इ. स. पू. ४८), रोमन सम्राट ऑरेलियन (इ. स. २७२ च्या सुमारास), बिशप थिओफिलस (इ. स. ३९१ च्या सुमारास) आणि खलिफा उमर (इ. स. ६४२). पहिल्या आणि चौथ्या नावात जवळजवळ सातशे वर्षांचं अंतर आहे. एकच ग्रंथालय चारदा समूळ जळू शकत नाही. ज्याला जो नकोसा होता त्याच्या माथी त्याने हे खापर फोडलं, असंच बऱ्याचदा झालेलं दिसतं.

आगी लागल्या, लुटालूट झाली, हे खोटं नाही. पण हे ग्रंथालय खंगत गेलं. आधी विद्वान गेले, मग पैसा आटला, मग नकला उतरवून घ्यायचं काम थांबलं.

मुळात ते होतं काय? नुसती इमारत की विद्यापीठ?

अलेक्झांडरने इ. स. पू. ३३१ मध्ये हे शहर वसवलं. त्याच्या मृत्यूनंतर इजिप्त त्याचा सेनापती टॉलेमी याच्या हाती आलं. त्याने आणि त्याच्या मुलाने राजवाड्याच्या आवारात ‘मुसेयॉन’ उभारलं, म्हणजे कलांच्या देवतांचं, म्यूझांचं स्थान. आजचा ‘म्युझियम’ हा शब्द त्यावरूनच आला. स्ट्रॅबो हा भूगोलकार इ. स. पू. २५ च्या आसपास अलेक्झांड्रियात राहिला होता. फिरण्यासाठी छत असलेला रस्ता, बसून चर्चा करायची जागा आणि विद्वानांनी एकत्र जेवायचं मोठं घर, असं वर्णन त्याने करून ठेवलं आहे. विद्वानांना राजाकडून वेतन मिळे, करमाफी मिळे, जेवणखाण मिळे. काम एकच: वाचा, लिहा, तपासा. ग्रंथालय हे या संस्थेचं हत्यारघर होतं.

इथे एराटोस्थेनिसने पृथ्वीचा घेर मोजला. आस्वानला उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सावली पडत नाही, अलेक्झांड्रियात मात्र पडते. तिचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा आणि दोन गावांमधलं अंतर ५००० स्टेडिया (लांबीचं ग्रीक माप), म्हणून घेर २,५०,००० स्टेडिया. हा माणूस ग्रंथालयाचा प्रमुख होता. कॅलिमाकस या कवीने इथल्या ग्रंथांची लेखकवार, विषयवार सूची केली. ती सूचीच १२० गुंडाळ्यांची होती.

एवढी पुस्तकं आली कुठून?

विकत घेतली, आणि हिसकावलीही. गेलन हा वैद्य सांगतो की बंदरात आलेल्या जहाजांची झडती होई. पुस्तक सापडलं की जप्त. त्याची नक्कल करायची, मूळ प्रत स्वतःकडे ठेवायची आणि नक्कल मालकाच्या हातात द्यायची. अशा प्रतींवर ‘जहाजांवरून’ अशी नोंद असे.

त्याच गेलनने अथेन्सचीही हकीगत दिली आहे. एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस यांच्या नाटकांच्या अधिकृत प्रती अथेन्सने जपून ठेवल्या होत्या. तिसऱ्या टॉलेमीने १५ टॅलेंट चांदी अनामत ठेवून त्या नकलेसाठी आणल्या, उत्तम पपायरसवर (एका वनस्पतीच्या देठापासून केलेल्या लेखनाच्या तावांवर) सुरेख नकला केल्या आणि त्याच परत पाठवल्या. अनामत बुडाली, मूळ प्रती राहिल्या. टॅलेंट हे तब्बल २५ किलोच्या आसपासचं वजन, त्यामुळे ही रक्कम लहान नव्हती. राजाला मूळ प्रत हवी होती, कारण प्रत्येक नकलेत लेखनिकाचा हस्तदोष वाढत जातो आणि हे तिथल्या विद्वानांना रोजच्या कामातून ठाऊक होतं.

सात लाख पुस्तकं होती, हे खरं का?

आकडा मोठा देण्याची हौस जुनी आहे. कोणी सात लाख लिहितो, कोणी ४,९०,०००. पण तेव्हाचं ‘पुस्तक’ म्हणजे काय ते आधी पाहू.

पपायरसच्या देठाच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवून दाबल्या की एक ताव होतो. असे वीसेक ताव शेजारीशेजारी चिकटवले की एक गुंडाळी. मजकूर उभ्या रकान्यांत, आपल्या जुन्या पोथ्यांसारखा सलग, दोन शब्दांत जागा न सोडता. वाचताना उजव्या हाताने उलगडत जायचं आणि डाव्या हाताने गुंडाळत जायचं. शेवटाला पोचलात की पुढच्या वाचकासाठी सगळी उलटी गुंडाळून ठेवायची. टोकाला लेखकाचं आणि ग्रंथाचं नाव लिहिलेली छोटी चिठ्ठी लोंबत असे, म्हणजे ढिगातून हवी ती ओढता येई. होमरचं एक ‘इलियड’ म्हणजे अशा २४ गुंडाळ्या. तेव्हा लाखभर गुंडाळ्यांतून आजच्या मापाने किती पुस्तकं निघतील, याचा अंदाज करा.

इतिहासकार रॉजर बॅगनल यांनी २००२ साली दाखवून दिलं की तोवर होऊन गेलेल्या सगळ्या ज्ञात ग्रीक लेखकांचं सगळं लेखन धरलं तरी हे आकडे जुळत नाहीत. मला त्यांचं म्हणणं पटतं. काही दशसहस्र गुंडाळ्या असतील, तरी त्या काळात दुसरीकडे कुठे तेवढं नव्हतं.

ऱ्हास नेमका कधी सुरू झाला?

माझं उत्तर ठाम आहे: इ. स. पू. १४५. त्या वर्षी एकही पुस्तक जळलं नाही.

सहावा टॉलेमी सीरियातल्या लढाईत मेला आणि त्याचा धाकटा भाऊ आठवा टॉलेमी गादीवर आला. लोक त्याला ‘फिस्कॉन’, म्हणजे ढेरपोट्या म्हणत. त्याने पुतण्याला मारलं, विधवा वहिनीशी लग्न केलं (ती त्याची सख्खी बहीणच होती) आणि ज्यांनी विरुद्ध बाजू घेतली होती त्यांच्यामागे लागला. त्यांत मुसेयॉनचे विद्वान होते. ग्रंथालयाचा प्रमुख ॲरिस्टार्कस हा होमरच्या पाठशुद्धीचा शेवटचा शब्द मानला जाई. ओळन् ओळ ताडून, संशयास्पद ओळींपुढे समासात खूण करून त्याने जी संहिता सिद्ध केली, तिच्याच खांद्यावर पुढचा सगळा होमर उभा आहे. आणि हा नवा राजा त्याचा एकेकाळचा विद्यार्थी! ॲरिस्टार्कस सायप्रसला पळाला आणि तिथेच वारला. त्याचा शिष्य अपोलोडोरस पर्गामॉन या ग्रीक शहराकडे गेला. वैयाकरण, तत्त्वज्ञ, भूमितिज्ञ, गवई, चित्रकार, वैद्य असे सगळेच पांगले आणि गावोगाव शिकवण्या करून पोट भरू लागले. त्यामुळे इतर ग्रीक शहरांत विद्या पसरली, असं जुने लेखक नोंदवतात. अलेक्झांड्रियाचं नुकसान ते इतरांचा लाभ.

ग्रंथालयाच्या प्रमुखपदी मग कोण आला? किडास नावाचा माणूस. त्याची एकच ओळख शिल्लक आहे: तो भालाइतांच्या पथकातला होता.

मी ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ तिथेच अडकलो होतो. ग्रंथालयाचे आधीचे प्रमुख पाहा: झेनोडोटस, अपोलोनियस, एराटोस्थेनिस, ॲरिस्टोफेनिस (नाटककार नव्हे, बायझँटियमचा), ॲरिस्टार्कस, आणि मग राजाच्या पहाऱ्यावरचा शिपाई. कपाटं जागच्या जागी होती. त्यांत काय आहे आणि काय चुकलं आहे हे सांगणारा माणूस उरला नव्हता.

मग सीझरने काय जाळलं?

इ. स. पू. ४८ च्या अखेरीस सीझर मूठभर सैन्यानिशी अलेक्झांड्रियाच्या राजवाड्यात कोंडला गेला. शत्रूला बंदर मिळू नये म्हणून त्याने तिथली जहाजं पेटवली आणि आग काठावर पसरली. स्वतः सीझर जहाजं जाळल्याचं लिहितो, पुस्तकांचं नाव काढत नाही. सेनेका ४०,००० गुंडाळ्या जळाल्याचं सांगतो. डिओ कॅशियसच्या मते गोदी, धान्याची कोठारं आणि पुस्तकांची कोठारं जळाली. प्लुटार्क दीडशे वर्षांनी लिहितो की महान ग्रंथालयच गेलं.

डिओचा तपशील मला सर्वांत खरा वाटतो: बंदराजवळच्या गोदामांतला साठा गेला असावा. नुकसान मोठंच होतं, पण शेवट नव्हता. पुढच्याच पिढीत डिडिमस नावाचा भाष्यकार याच शहरात बसून साडेतीन हजारांवर ग्रंथ लिहून गेल्याचं सांगतात. दिवसरात्र बसून लिहिण्याच्या त्या चिकाटीमुळे लोक त्याला ‘पितळी आतड्यांचा’ म्हणत. इतक्या भाष्यांसाठी मूळ ग्रंथ हाताशी लागतात.

अँटनीने क्लिओपात्राला दोन लाख गुंडाळ्या भेट दिल्या, त्याचं काय?

प्लुटार्क ही गोष्ट सांगतो आणि ती विश्वासार्ह नसल्याचंही तिथेच सुचवतो. अँटनीच्या विरोधकांनी उठवलेल्या वावड्यांपैकी ती एक असावी.

रोमन राजवटीत ग्रंथालय चालू होतं का?

होतं. सम्राट क्लॉडियसने मुसेयॉनला नवा विभाग जोडला. रोममधली ग्रंथालयं आगीत गेल्यावर डोमिशियनने नकला करायला माणसं धाडली ती अलेक्झांड्रियालाच.

पण संस्थेची प्रकृती बदलली होती. मुसेयॉनचं सदस्यत्व हा मान झाला. तो अधिकाऱ्यांना मिळू लागला, पुढे कुस्तीगीर-मुष्टियोद्ध्यांनाही. इ. स. २१५ मध्ये रोमन सम्राट कॅराकॅला शहरात आला तो राग घेऊन. त्याने कत्तल केली. अलेक्झांडरच्या मृत्यूत ॲरिस्टॉटलचा हात होता या समजुतीपायी त्या पंथाच्या विद्वानांच्या सवलती आणि एकत्र जेवणाच्या पंगतीही त्याने बंद केल्या. पंगत ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण स्ट्रॅबोने त्या घराचा आवर्जून उल्लेख केला होता, कारण खगोल जाणणारा आणि व्याकरण जाणणारा रोज एकमेकांशेजारी जेवत, हेच त्या जागेचं वैशिष्ट्य होतं.

नंतर सीरियातल्या पालमायराची राणी झेनोबिया हिने इजिप्त घेतलं आणि ऑरेलियनने ते परत जिंकलं. त्या लढायांत ब्रुकिऑन हा राजवाड्याचा भागच उद्ध्वस्त झाला. मूळ ग्रंथालयाचं जे काही उरलं असेल ते बहुधा तिथेच संपलं. इ. स. २९७-२९८ मध्ये डायोक्लेशियनने शहराला पुन्हा वेढा घातला. चौथ्या शतकातले लेखक ब्रुकिऑनला ओसाड म्हणतात.

आपल्याकडचा काही संबंध?

आहे, आणि तो ओढूनताणून जोडलेला नाही. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ‘तुरमय’ या यवन राजाचं नाव येतं. तो दुसरा टॉलेमी, म्हणजे ज्याच्या काळात हे ग्रंथालय भरभराटीला आलं तोच. पुढे इ. स. दुसऱ्या शतकात क्लॉडियस टॉलेमी हा खगोल-भूगोलकार (राजघराण्याशी त्याचं नातं नाही) अलेक्झांड्रियात बसून जगाचा भूगोल लिहीत होता. त्यात ‘बैथाना’ आहे, म्हणजे आपलं पैठण, आणि तिथल्या राजाचं नावही आहे: ‘सिरी पोलेमायोस’, अर्थात सातवाहन राजा पुळुमावी. ‘तगर’ आहे, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. त्याआधीच्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या प्रवासमार्गदर्शकात कल्याण आणि सोपारा ही बंदरं येतात.

गोदावरीकाठच्या राजधानीचं नाव नाईलच्या मुखाशी बसलेल्या माणसापर्यंत पोचलं ते व्यापारी आणि खलाशी यांच्या तोंडून. ऐकलेलं लिहून घेणारा, जुन्याशी ताडून पाहणारा माणूस तिथे तेव्हाही होता, म्हणजे सीझरच्या आगीनंतर दोनशे वर्षांनीही.

सेरापियम म्हणजे काय? तिथलं ग्रंथालय ख्रिस्ती जमावाने जाळलं ना?

सेरापियम हे सेरापिस देवाचं देऊळ, तिसऱ्या टॉलेमीने बांधलेलं. तिथे दुसरं, ‘धाकटं’ ग्रंथालय होतं. इ. स. ३९१ च्या सुमारास बिशप थिओफिलसच्या पुढाकाराने ते देऊळ पाडलं गेलं. एका सैनिकाने देवाच्या मूर्तीवर कुऱ्हाड चालवली, याची वर्णनं त्या काळच्या लेखकांनी तपशिलाने केली आहेत, ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती दोघांनीही. त्यांपैकी कोणीही पुस्तकं जळाल्याचं म्हणत नाही. थोडं आधी लिहिणारा इतिहासकार अमियानस तर तिथल्या ग्रंथसंग्रहाबद्दल भूतकाळातच बोलतो. दुसऱ्या बाजूला, ऑरोसियस हा ख्रिस्ती लेखक काही वर्षांनी कबूल करतो की देवळांतली ग्रंथांची रिकामी कपाटं आपण स्वतः पाहिली आणि ती आपल्याच लोकांनी रिकामी केली. तेव्हा जे थोडंफार उरलं होतं ते या काळात गेलं, असं मी मानतो.

हायपेशिया शेवटची ग्रंथपाल होती का?

नाही. ती गणिती आणि तत्त्वज्ञ होती. मुसेयॉनचा शेवटचा ज्ञात सदस्य म्हणजे तिचे वडील, थिऑन. इ. स. ४१५ मध्ये शहराचा प्रांताधिकारी ओरेस्टिस आणि बिशप सिरिल यांच्या सत्तेच्या भांडणात जमावाने तिला ठार केलं. त्या वेळी सेरापियम पडून वीसेक वर्षं झाली होती. तिचा खून हा तिचा खून म्हणूनच आठवावा. पुस्तकांच्या गोष्टीत ओढून त्याची भीषणता वाढत नाही.

आणि खलिफा उमर? चार हजार हमामखाने सहा महिने पुस्तकांवर तापवले म्हणतात.

ही गोष्ट पहिल्यांदा लिहिली गेली इ. स. १२०० च्या आसपास, म्हणजे घटनेनंतर साडेपाचशे वर्षांनी. तिच्यात पुस्तकं वाचवायची विनंती करणारा म्हणून जो जॉन फिलोपोनस हा विद्वान दाखवला आहे, तो अरब सैन्य शहरात येण्याच्या कितीतरी आधी वारला होता. ही गोष्ट सोडून द्यावी. टॉलेमीचा खगोलग्रंथ आज ‘अल्माजेस्ट’ या अरबी वळणाच्या नावाने ओळखला जातो. अरबीत तो वाचला, अनुवादला, अभ्यासला गेला म्हणून.

मग सगळ्यांत मोठा शत्रू कोण?

दमट हवा, आणि नकलेसाठी पैसे द्यायचं थांबणं.

अलेक्झांड्रिया समुद्राकाठी आहे. पपायरस कोरड्या वाळूत हजारो वर्षं टिकतो, दमट हवेत मात्र त्याला बुरशी लागते, कीड पोखरते. सतत उलगडून-गुंडाळून गुंडाळीचा बाहेरचा पहिला भाग आधी फाटतो. घरातली जुनी पोथी रुमालातून सोडवून पाहिलेल्या कोणालाही हे कळेल: पहिली आणि शेवटची पानं आधी जातात, मधली राहतात. मी एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात एक कपाट उघडताना पाहिलं होतं. चावी हरवली म्हणून ते दोन पावसाळे बंद होतं. वरून बांधणी शाबूत, आत हात घातला तर कसरीने केलेला भुगा. तिथे आग लागली नव्हती. कपाट कोणी उघडलं नव्हतं, एवढंच.

काही पिढ्यांच्या अंतराने प्रत्येक गुंडाळी नव्याने उतरवावी लागे. म्हणजे पपायरस विकत घ्या, लेखनिकाला पगार द्या, मग उतरवलेलं मूळाशी ताडून पाहायला जाणता माणूस बसवा. हजारो गुंडाळ्यांसाठी हे काम कधीच संपत नाही. राजाचा रस संपला की ते पहिल्यांदा बंद पडतं, कारण त्याचा अभाव लगेच दिसत नाही. त्यात दुसऱ्या ते चौथ्या शतकात गुंडाळी मागे पडून पानांचं, बांधणीचं पुस्तक रूढ झालं. जे नव्या रूपात उतरवलं नाही ते जुन्या रूपात कुजलं.

काय काय गेलं?

सोफोक्लीसची १२० च्या वर नाटकं होती, पूर्ण उरली ७. एस्किलसचीही ७. सॅफोच्या कवितांची अलेक्झांड्रियात अनेक गुंडाळ्यांची आवृत्ती होती, पूर्ण कविता एक उरली. सूर्य मध्ये आणि पृथ्वी त्याभोवती, असं मांडणाऱ्या सामोसच्या ॲरिस्टार्कसचा तो ग्रंथ नाही, आर्किमिडीजने केलेला उल्लेख आहे. मॅनेथो या इजिप्शियन पुरोहिताने लिहिलेला इजिप्तचा इतिहास इतरांच्या उताऱ्यांतून तुकड्यातुकड्यांनी कळतो. कॅलिमाकसची सूचीही गेली, त्यामुळे काय होतं याची यादीसुद्धा आपल्याकडे नाही.

सातच का? पुढच्या काळात शाळांतून जी नाटकं शिकवली जात, त्यांच्याच प्रती निघत राहिल्या. युरिपिडीसचं मात्र नशीब निराळं. शिकवल्या जाणाऱ्या नाटकांखेरीज त्याची आणखी नऊ नाटकं उरली आणि त्यांची नावं ग्रीक वर्णमालेतल्या जवळजवळच्या अक्षरांनी सुरू होतात. कधीतरी त्याच्या समग्र नाटकांची अक्षरक्रमाने लावलेली आवृत्ती होती आणि तिच्या मधला एक तुकडा कोणाच्या तरी हातून वाचला. एका कपाटाचा एक खण, असं म्हणा.

ते टिकलं असतं तर विज्ञान हजार वर्षं पुढे गेलं असतं?

नाही वाटत. महत्त्वाच्या ग्रंथांच्या प्रती इतर शहरांतही होत्या. तिथल्याही गेल्या, त्याच कारणांनी.

नालंदाचं तसंच झालं का?

नालंदावर हल्ला झाला हे नाकारता येत नाही. पण धर्मस्वामी हा तिबेटी यात्रेकरू इ. स. १२३५ च्या सुमारास तिथे पोचला, तेव्हा नव्वदी ओलांडलेले राहुल श्रीभद्र सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवत होते. उद्ध्वस्त जागेतही शिकवणं चालू असतं आणि ते थांबतं तो दिवस कोणी लिहून ठेवत नाही.

आज तिथे गेलं तर काय दिसतं?

मूळ ग्रंथालयाची जागा सापडलेली नाही. राजवाड्याचा भाग काही आजच्या शहराखाली, काही समुद्राखाली आहे. सेरापियमच्या टेकडीवर डायोक्लेशियनच्या सन्मानार्थ उभारलेला, आस्वानच्या लाल ग्रॅनाइटचा सुमारे २७ मीटर उंच खांब आहे. देवळाच्या पायातून ग्रीक आणि चित्रलिपीतला मजकूर असलेल्या सोन्याचांदीच्या पट्ट्या निघाल्या, त्यावर तिसऱ्या टॉलेमीचं नाव आहे. कोम अल-दिक्का इथे पोलिश पुरातत्त्वज्ञांना पाचव्या ते सातव्या शतकातले वीसेक वर्ग सापडले, भिंतींलगत दगडी बाकं असलेले. ग्रंथालय नसलेल्या शहरातही शिकणं चालू होतं. २००२ साली किनाऱ्यावर नवं ग्रंथालय सुरू झालं आहे.

तिथली एखादी तरी गुंडाळी उरली आहे का?

एकही नाही. पण कैरोच्या दक्षिणेला ऑक्सिरिंकस नावाचं एक जुनं गाव आहे. गावाबाहेरच्या उकिरड्यांवर वाळू साचली, पाऊस जवळजवळ पडत नाही, म्हणून तिथे टाकलेले पपायरस टिकले. १८९६-९७ पासून तिथे खोदकाम सुरू झालं. त्यात दुसऱ्या शतकातला एक तुकडा मिळाला, कोणीतरी तयार केलेल्या सामान्यज्ञानाच्या याद्यांचा. एक यादी अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयप्रमुखांची आहे. ती करणाऱ्याच्या हातून काही चुका झाल्या आहेत. सुरुवातीचा भाग फाटून गेल्यामुळे ती अपोलोनियसपासून सुरू होते, झेनोडोटसचं नाव त्यात नाही. पुढे एराटोस्थेनिस आहे, ॲरिस्टार्कस आहे, आणि त्याच्यानंतर भालाइतांपैकी किडास.